पुसता न येणारी पाटी

"तोंडातून एक शब्दही काढायचा नाही, आई. बाकीचं मी बघतो."

सून सुखदा बाल्कनीतून पडून गेली त्या संध्याकाळपासून हेमलताबाई मुलाचं, संग्रामचं, हे सांगणं पाळत होत्या. दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीला वाटलं, चातुर्मासाचं मौन असेल. लिफ्टमध्ये बायका पाया पडू लागल्या. मग त्यांनीही देवापुढे पाणी सोडून तसा संकल्पच करून टाकला.

हवं-नको ते कागदावर लिहीत. संग्राम वाचून कपटा लगेच फाडून टाकी. पोलिसांनी त्याला दोनदा बोलावलं होतं. सुखदाची आई, सुनीती, तेराव्यानंतरही पुण्याला परतली नव्हती. मयूर विहारला भावाकडे राहिली होती. तिने सगळ्यांसमोर हेमलताबाईंचा हात धरून विचारलं होतं, "तुम्ही घरातच होतात. मला खरं सांगाल?" हेमलताबाईंनी मान डोलावली होती. तो होकार संग्रामने पाहिला होता.

आता कागदाचा कपटाही मागे राहायला नको, म्हणून आज हे इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान.

दुकानदाराने काचेवर दोन वस्तू ठेवल्या. एक मुलांची पाटी: लिहा, बटण दाबा, सगळं साफ. दुसरा पेनवाला टॅबलेट, लिहिलेलं पान न् पान जपणारा. मौनाचं कळल्यावर तो म्हणाला, "भाईसाब, मेरी वाली ऐसा व्रत रख ले, तो मैं दोनों फ्री दे दूँ."

संग्राम हसला नाही. त्याने पाटी उचलली. हेमलताबाईंनी टॅबलेटवर बोट ठेवलं.

"त्यात लिहिलेलं राहतं, आई."

त्यांनी मान डोलावली.

त्याने त्यांचं मनगट घट्ट धरलं. "ती बाई एकेक अक्षर चौकीवर नेईल. मग सगळं संपलं, कळतंय ना तुला?" आवाज अगदी खाली आला होता. "सुखदा तर गेलीच. आता आपण दोघंच उरलोय."

बोट हललं नाही. उभ्या जन्मात त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. चौकीवरूनच होता, वकील घेऊन या म्हणत होते. त्याने कार्ड काचेवर टाकलं आणि फोन कानाला लावून बाहेर गेला. कोपऱ्यावर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दुकानदाराने टॅबलेट चालू करून हातात दिला. तो पदराखाली धरून हेमलताबाई मुलाच्या पाठीमागून मेट्रोच्या जिन्याकडे वळल्या.

मयूर विहारच्या गाडीत एका पोरीने उठून त्यांना जागा दिली. त्यांनी कुलस्वामिनीचं नाव घेतलं, पेन काढलं आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"सुनीतीताई, माझ्या संग्रामला सोडा. सुखदाला मी ढकललं."