हिला ठाऊक आहे

"मेंदूत गाठ नाही, पण काही रसायनांचं प्रमाण बिघडलंय," पडद्यावरचा आलेख दाखवत डॉक्टर म्हणाले. "जुना काही आजार?"

मंदाकिनी 'नाही' म्हणणार होती. वर्षभर तिचा नवरा दिगंबर किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवत होता, शर्टाची बटणं लावताना त्याची बोटं अडखळत होती. ती त्याला 'म्हातारबा' म्हणून चिडवायची. एरवी सर्दीसुद्धा त्याच्या वाऱ्याला उभी राहत नसे.

"एचआयव्ही आहे ना," दिगंबर सहज म्हणाला. "बारा वर्षं झाली. गोळ्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीतल्या माझ्या कपाटात असतात. अलीकडे घ्यायच्या राहतात."

मंदाकिनीने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर ओशाळेपणा नव्हता. इतकी वर्षं तिच्यापासून कसोशीने लपवलेली गोष्ट लपवायची असते, हेच तो विसरला होता.

डॉक्टरांनी क्षणभर दोघांकडे पाहिलं. "ताई, तुमची तपासणी झालीय?"

"दरवर्षी होते हिची," उत्तर दिगंबरनेच दिलं. "हिला ठाऊक आहे सगळं. लग्न ठरतानाच सांगितलंय मी."

त्यांच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. मंदाकिनीने बाही कोपराच्या वर सारली आणि हात टेबलावर ठेवला. "माझं रक्त तपासा," ती म्हणाली.

"जरा हळू हं डॉक्टर," दिगंबर म्हणाला. "सुईला फार घाबरते ती."