दारातली कळशी

भिवंडीच्या डॉक्टरांनी मैनाला मान ताणायचा पट्टा दिला. हनुवटीखालून पट्टा, दाराच्या चौकटीवर कप्पी आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला वजन. “रोज अर्धा तास बसायचं. आणि बाई, डोक्यावर ओझं बंद.” वजन म्हणून सासूने पाण्याची कळशी टांगली, मैनानेच सकाळी विहिरीवरून डोक्यावर आणलेली. मान ताणली, ठणका ओसरला, कितीतरी दिवसांनी तिचे डोळे मिटले. तेवढ्यात पडघ्याहून पाहुणे आले. सासूने टांगलेल्या कळशीतच लोटा बुडवला. पाय धुवायला, प्यायला, चहाला. लोट्यागणिक दोरी सैल पडत गेली, ठणका परत चढत गेला. पट्ट्याने जबडा आवळलेला; नको म्हणायला मैनाचं तोंड उघडेना. शेवटी रिकामी कळशी तिच्यासमोर हलकेच झुलू लागली. “पानी संपला गो,” सासू म्हणाली, “उद्या तुझे मानेला टांगाला पन लागंल.” मैनाने पट्टा सोडला आणि चुंबळ डोक्यावर ठेवली.