जागं राहायचं काम

"सही करणार नाही," ताई म्हणाली आणि पेन नर्सच्या हातात परत दिलं. "तो येतोय."

खिडकीबाहेर ढग फाटले होते. एका भोकातून किरणांचा भलामोठा पंखा खाली उघडला होता.

पलंगाशी पट्टेवाला उभा होता. ऑफिसातला नव्हे, रस्त्यावर पांढरे पट्टे मारणारा. ताईचा धाकटा भाऊ. रात्रभर काम करून तसाच आला होता, बुटांवर रंग घेऊन. जन्मभर त्याने ताईला टोप्या घातल्या. आज मात्र ती बधत नव्हती, आणि डॉक्टर बजावून गेले होते: पोटातली गाठ आज निघाली नाही, तर महिन्याचंही खरं नाही.

"अगं, ते किरण फाकलेले नसतातच. शेजारी शेजारी, सरळ येतात. माझे पट्टे नाही का, लांब टोकाला एकत्र आल्यासारखे दिसतात? येतात होय? आले तर मुकादम मला जिवंत ठेवेल?"

ताई हसली नाही. "किरण कसेही येऊ देत रे. प्रभू परत येण्याची, शेवटची चिन्हं आहेत ही. प्रार्थनेतल्या सगळ्या बायका म्हणतात."

"मग येऊ दे की! ऑपरेशन थिएटरात येता येत नाही का त्याला? चपला बाहेर काढायला लावतील, एवढंच."

"तो कुठेही येईल." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पण जागे राहा, असं बायबलात लिहिलंय. आणि हे डॉक्टर मला झोपवणार. तो येऊन जाईल, अन् मी आपली घोरत पडलेली."

पट्टेवाल्याच्या ओठावर आलेला विनोद तिथेच सुकला. तरीच तीन दिवस तिने डोळ्याला डोळा लावला नव्हता.

"मी राहतो जागा," तो म्हणाला. "आला की हाक मारतो तुला."

"तू? तुझा तर विश्वासही नाही."

"डोळे आहेत ना."

"थट्टा नाही?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

ताईने त्याचे डोळे निरखले. मग तिने नर्सपुढे हात केला. पेनसाठी.

तिला नेलं. ढग मिटले, किरण गेले. पट्टेवाला खिडकीशी उभाच. डोळे चुरचुरत होते.

आयाने खुर्ची सरकवली. "बसा की दादा, तीन तास तरी लागतील."

"नको मावशी," आकाशावरची नजर न काढता तो म्हणाला. "बसलो तर डोळा लागेल."