वाघाची टीप

"वाघ नसला तरी आहे म्हणा. दोन हजार वेगळे देतो," दिनेश हळूच म्हणाला.

गाईड रीतानं त्याच्याकडं नीट पाहिलं. चिमूरकडच्या गेटवर दुपारच्या सफारीच्या जिप्स्यांचे कागद तपासणं चाललं होतं. मागच्या सीटवर दिनेशचे वडील, दसरूबाबा, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. दोन्ही डोळे गेलेले. कधीकाळी याच जंगलात ते ठेकेदाराकडं बांबू तोडायचे. आता मुलाकडं पुण्यात, पाचव्या मजल्यावर राहतात.

"बाबा दोन वर्षं एकच घोकतायत. मरायच्या आधी एकदा वाघासमोर बसायचंय. उद्या आम्ही परत निघतोय. पुन्हा आणणं जमेलसं वाटत नाही."

"वाघ काई माया घरचा नाई न, साहेब."

"म्हणून तर म्हणतोय. त्यांना कुठं दिसणार आहे?"

रीता हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

ती गाईड झाली तेव्हा पाहुणे उतरताना पन्नासची नोट द्यायचे, नाहीतर उरलेला चिवडा. गाईडही खुशीनं घ्यायचे. आता प्रत्येकाच्या ओळखपत्रामागं क्यूआर छापलेला. वाघ दिसला की पाचशे, रस्त्यावरून चालत आला तर हजार. पिल्लांसकट वाघीण असेल तर विचारूच नका. वीस जिप्स्यांची जत्रा भरते, तिला हलायला जागा राहत नाही आणि नोटांना हिशेब राहत नाही. वाघ नसेल तर कोरडं थँक यू. अस्वल, रानकुत्रे, मोर सगळं फुकटात. जसं काही रीतानंच वाघाला दावं लावून ठेवायची होती.

टाळी एका हातानं वाजत नाही म्हणा. पाचशेच्या नोटेकडं बघून तोंड वाकडं करणारे गाईडही गेटवर कमी नव्हते. मागच्याच आठवड्यात रीताच्या तोंडून "एवढेच?" निघून गेलं होतं. दिवसभर तिला स्वतःचीच लाज वाटत राहिली.

कय्यूमनं जिप्सी आत घातली. तो या गेटवरचा जुना ड्रायव्हर, वाघाच्या सगळ्या जागा त्याला पाठ. पण पहिला पाणवठा कोरडा निघाला, दुसऱ्यावर नुसती रानडुकरं होती.

दसरूबाबांची काही तक्रार नव्हती. हात बाहेर काढून ते पानं चाचपत होते.

"तेंदू हाये न हा, बाई?"

"हो, बाबा."

"बांबू तोडतानी एक डाव समोरच आला होता तो," म्हातारा सांगू लागला. "पळून जाले जागा नाई. मी कोयता खाली ठेवला न बसलो. तो बी बसला. मंग उठला न चालला गेला. त्यानं माया काई घेतलं नाई, मी त्याचं काई घेतलं नाई. तेवढंच पुन्हा एक डाव पायजे मले."

कय्यूमनं अजून दोन रस्ते पालथे घातले. वाघाचा पत्ता नव्हता. ऊन उतरलं. गेट बंद व्हायच्या आत परतायचं होतं.

दिनेशनं रीताकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. दुपारपासून रीता त्या दोन हजारांवर मनात चिडत होती. आता मात्र तिला त्या पोराची फार कीव आली. बापासाठी माणूस अजून काय करणार?

"कय्यूमभाऊ, इथी थांबवा," ती म्हणाली.

बांबूच्या वळणावर गाडी थांबली. इंजिन बंद झालं.

"बाबा," रीता कुजबुजली, "बोलू नका. उजव्या हाताले हाये. मोठा नर. झाडाखाली बसला हाये."

कय्यूमनं चमकून तिच्याकडं पाहिलं. उजव्या हाताला ऐनाच्या झाडाखाली एक वाळलेलं खोड होतं, बाकी काही नाही. क्षणभरानं तोही त्या खोडाकडं टक लावून बघू लागला. दिनेशही. खोटं निभावायचं तर सगळ्यांनी मिळूनच निभावावं लागतं.

"शेपटी हालवून राह्यला," रीता सांगत होती. "आता जांभई देल्ली. आपल्याकडंच पाहून राह्यला, बाबा."

म्हाताऱ्यानं कान देत मान वळवली, ती नेमकी डावीकडं. दिनेशनं अलगद त्यांची हनुवटी धरून उजवीकडं केली.

"इकडं, बाबा."

दसरूबाबांनी हात जोडले. त्यांच्या गालांवरून धारा लागल्या. बऱ्याच वेळानं म्हातारा अगदी हळू आवाजात म्हणाला, "चाला आता. लय झालं."

गेटवर दिनेशनं क्यूआर स्कॅन केला. हात जोडून तो आपली कार आणायला गेला. कय्यूम वहीत सही करायला ऑफिसात गेला.

रीतानं दसरूबाबांना आधार देऊन खाली उतरवलं. पैसे आले होते, पण तिनं फोन उघडून पाहिला नाही. म्हाताऱ्यानं सदऱ्याचा खिसा चाचपून शंभराची घडी घातलेली नोट काढली.

"घ्या, बाई."

"नाई बाबा. तुमच्या पोरानं देल्ले न."

"त्यानं त्याचे देल्ले. हे माये."

रीताला आता राहवेना. "बाबा, मले माफ करा. मी खोटं बोलली. उजवीकडं वाघ नव्हताच."

"मालूम हाये मले," म्हातारा हसला आणि नोट त्यानं तिच्या मुठीत दाबली. "त्याचेच देऊन राह्यलो. साऱ्यायले तिकडंच पाह्यले लावलं, लय चांगलं केलं तुमी. डाव्या हाताले बांबूत वाघीण पिलायले पाजून राह्यली होती."