पायात पाय

आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेचं रिंगण धरलं की पाय जमिनीला घासत सरकवायचे. पायात पाय गेला की प्रार्थना संपली, नाच सुरू झाला. मळ्यावर गुलाम असलेल्या माझ्या पणजीपासूनचा हा कायदा, आणि मी असताना तो मोडायची कुणाची छाती नव्हती. माझ्या नातवाला, एझराला, जाऊन वर्ष झालं त्या रविवारी माझी नात केटुरा भावासाठी रिंगणात उतरली. झाडूच्या दांड्याने जमिनीच्या फळ्यांवर ठेका मीच धरला होता. मधेच तिने पायात पाय घातला आणि धाडकन पडली.

मी दांडा थांबवला. "अटलांटात जाऊन हेच शिकून आलीस होय गं? देवाचं घर आहे हे, थेटर नव्हे!"

"आजी," ती पडल्यापडल्याच म्हणाली, "पोलिसाची गोळी पाठीत शिरली ना, तेव्हा एझराचे पाय असेच अडकले. मी बघितलंय."

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी दांडा चर्चचं काम बघणाऱ्या डीकनच्या हातात कोंबला आणि रिंगणात गेले.

"ऊठ, आणि पुन्हा पड," मी म्हटलं. "पण या खेपेला माझ्या अंगावर पड. मला धरता येऊ दे त्याला."