दुसऱ्या दिवसाचं रक्त

"पडली होती का कधी?" ठमीच्या कपाळावर चिकटवलेल्या तारा काढत डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पडली होती. दोन महिन्यांची असताना," आजी म्हणाली. "माझ्या हातून."

आजीचा मुलगा खिडकीबाहेर बघू लागला. सुनेने सात महिन्यांच्या लेकीला छातीशी घट्ट धरलं.

"किती उंचीवरून?"

"पलंगाएवढ्या. डावी बाजू आपटली. दुपारची वेळ, ही सून झोपलेली. रडणं ऐकून जागी झाली, तोवर मी उचललं होतं."

इतक्यांदा सांगून सांगून आजीचे शब्द गुळगुळीत झाले होते.

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. ठमीचा डावा कान जवळजवळ गेला होता, उजवा निम्माशिम्मा उरला होता.

"मार लागूनही कान जातो," त्या म्हणाल्या. "पण पोटात असतानाच एक विषाणू लागतो, त्यानेही जातो. आईला साधी कणकणसुद्धा जाणवत नाही."

"मग तपासा की," मुलगा म्हणाला.

"पहिल्या तीन आठवड्यांत लाळ नाहीतर लघवी तपासली असती, तर तेव्हाच कळलं असतं. आता सापडला तरी तो जन्मानंतर लागलेला असू शकतो." त्यांनी ठमीची टाच हातात घेतली. "पण जन्माच्या दुसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेतलं होतं, आठवतं? त्या थेंबांचा कागद इथे जपून ठेवलेला असतो. त्यावर बघू."

"टाचेचं रक्त कानाची गोष्ट सांगणार?"

"टाच भारी चुगलखोर असते, आजी."

उत्तर यायला दोन आठवडे लागणार होते.

ठमी पडली त्या दिवसापासून मुलाने तिला आजीच्या हातात दिलं नव्हतं. आजी दुपटी धुवायची, घड्या घालायची, लांबूनच टाळ्या वाजवायची. ठमी काही वळून बघायची नाही.

"तो विषाणूच निघू दे गं बाई," एकदा आजीच्या तोंडून निघून गेलं.

"नातीला रोग निघावा म्हणतेस?" मुलगा भडकला. "तुला स्वतःची सुटका हवीय, आई. दुसरं काही नाही."

आजीने हातातलं झबलं पिळलं. "तसं समज."

"अहो, पुरे ना!" सून मध्ये पडली. "मुद्दाम पाडलं का त्यांनी?" जागरणांनी तिचे डोळे खोल गेले होते.

पंधराव्या दिवशी डॉक्टरबाईंनी कागद समोर ठेवला.

"विषाणू आहे. दुसऱ्याच दिवशी रक्तात होता, म्हणजे जन्माआधीचा. कान त्यानेच गेलेत. पडण्याशी काही संबंध नाही."

"म्हणजे माझ्याच पोटातून..." सून ठमीकडे बघत म्हणाली.

"यात दोष कुणाचाच नसतो. कानाला यंत्रं लावू, वरचेवर तपासत राहू. ऐकेल, बोलेल. तुमच्याशी भांडेलसुद्धा."

बाहेरच्या बाकापाशी मुलगा मान खाली घालून उभा राहिला.

"आई, फार बोललो गं तुला."

"बोलला असशील. जा, यंत्रांचं काय ते विचारून ये."

तो गेल्यावर सुनेने आजीचा हात धरला. "पाच महिने बोल सोसलात, आई. आज सुटलात."

"सुटले गं," आजी म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. पाच महिन्यांत तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं.

ठमी कुरकुरली. सून बाकाच्या कोपऱ्यात तिला पाजायला बसली. हळूहळू सुनेची मान कलली आणि हाताची मिठी सैल पडली.

आजीने झटकन ठमीखाली दोन्ही तळवे धरले. त्या दुपारीही पाजता पाजता सुनेचा असाच डोळा लागला होता. पण तेव्हा आजी दारात होती, आणि तिथून पलंगापर्यंत तीन पावलं होती.