निर्मनुष्य माळ

सांगायला लाज वाटते, पण आटपाडीजवळचा तो माळ मीच निवडला होता. मंगळावर जाणाऱ्या यंत्रगाडीची चाचणी घ्यायची होती. अर्जात मी लिहिलं, 'जागा निर्मनुष्य.' गाडीच्या वाटेतले दगडही मीच उचलून एका बाजूला ढीग घातला.

दुपारी मेंढरं घेऊन धोंडुबाई आल्या.

"ही गाडी तितं जाऊन काय करनार रं, लेकरा?"

"तिथं पूर्वी कुणी जीव होता का, त्याची खूण शोधणार, आजी."

त्या ढिगाशी बसल्या आणि एकेक दगड उलटून बघू लागल्या.

"काय शोधताय, आजी?"



"आमच्या मालकास्नी हितंच पुरलंय. त्येंच्या उशाचा दगूड हुडकतीया."